पिशवी काढण्याआधी

चाळिशीनंतर माझी पाळी जास्त दिवस चालायला लागली. गाठी पडायच्या, रात्री पॅड बदलायला उठावं लागायचं. जाऊबाई म्हणायच्या, "वयच आहे, जाईल." पुढे जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. बायकांचं किमान 12 हवं.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको." नणंद नर्स आहे. तिने ठामपणे सांगितलं, "वहिनी, आधी दुसरीकडे दाखवू." दुसऱ्या डॉक्टरबाईंनी थायरॉइड तपासलं, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला. वावगं काही निघालं नाही. गाठ फायब्रॉइडची होती, आणि अशा गाठी क्वचितच कॅन्सरच्या असतात. त्यांनी रक्तस्राव कमी करणाऱ्या, फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. (पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.) तेवढ्याने भागेना, तेव्हा तांबीसारखं दिसणारं हार्मोनचं साधन गर्भाशयात बसवलं. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडत राहिले, मग अंगावरून जाणं खूपच कमी झालं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, तिच्या आगेमागे चहा नाही. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही बाईंनी ती काही महिने चालू ठेवायला लावली.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. त्यांतल्या कित्येक तर ऐन तिशीतल्या. पाळीत खाडा झाला की मजुरी कापली जायची, वर दंड. ते वाचून आजही संताप येतो. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. हे त्यांना कोणी सांगितलं असेल?

ऑपरेशन कधी कधी खरंच लागतं. पण घाई का, आधी दुसरा कोणता उपाय करता येईल, अंडाशयं ठेवणार ना, हे विचाराच. पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, पाळी सात दिवसांपुढे जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर थांबू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला तरी तपासून घ्या. जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या. डॉक्टर आधी त्याच विचारतात.