एक इंच मोकळी जागा

युटामधल्या बॉनव्हिलच्या मीठपठारावर त्या सकाळी आमची गाडी पहिल्या फेरीला सुटली, तेव्हा प्रोपेलर शाफ्ट आणि पेट्रोलचा होज यांच्यात एक इंच जागा होती. मीच मोजली होती. तिसऱ्या फेरीत चौथा मैल येईपर्यंत ती उरली नाही. ताशी सुमारे 190 मैलांनी धावणाऱ्या गाडीने मधोमध पेट घेतला. आमचे चालक पोटरीला भाजून, पण जिवंत बाहेर आले. तो होज मी बसवला होता.

मी सॉल्ट लेक सिटीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मित्रमंडळींच्या गाडीवर राबतो. 1949 पासून बॉनव्हिलला वेगाच्या फेऱ्यांचा स्पीड वीक भरतो, तो बहुधा ऑगस्टमध्ये. आमची गाडी जुन्या धाटणीची रोडस्टर. इंजिन पुढे, टाकी मागे. म्हणजे पेट्रोलला अख्ख्या गाडीची लांबी पार करावी लागते, तीही शाफ्टच्या शेजारून आणि चालकाच्या पायांजवळून. मी स्टीलच्या जाळीचा चकचकीत होज घेतला, शाफ्टच्या बोगद्याच्या तळाशी टाकला आणि प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधला. वडील एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. पाईप बांधलेला नव्हे, धरलेला असावा, असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं मला पाठ होतं, तरी घाईत टायवर भागवलं.

झालं ते असं. इथलं मीठ वरून कोरडं दिसतं, खाली ओलसर असतं. चाकं ते ओलं मीठ पोटाखाली फेकतात. बोगद्याच्या फटीतून ते आत शिरलं, होजच्या खाली साचलं, इंजिनच्या धगीने वाळलं आणि प्लॅस्टरसारखं घट्ट झालं. दुसऱ्या फेरीनंतर आम्ही गाडी उचलली, पण बोगद्यात डोकावलो नाही. तिसऱ्या फेरीत आणखी एक थर बसला. त्या थरांनी होज वर उचलला, एक टाय तुटला आणि होज शाफ्टच्या क्रॉसला लागला. त्या वेगाला आमचा शाफ्ट मिनिटाला 6,000 हून जास्त फेरे घेत होता. जाळी कापायला त्याला किती वेळ लागणार? पंप मात्र चालूच होता. कापलेल्या टोकातून पेट्रोल बाहेर फेकत राहिला, आणि ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं.

गाडी तेव्हा सेकंदाला 85 मीटर जात होती. पॅराशूट उघडलं तरी थांबायला मैलभर लागतो, आणि अग्निशमनाची गाडी पोचेपर्यंत चालक एकटाच असतो. आमच्या चालकांनी आधी पंपाचा खटका पाडला, मग गाडीतली अग्निशामक यंत्रणा ओढली. खटका पट्टे आवळलेल्या अवस्थेतही हाताला लागत होता, म्हणून ते वाचले. तुमची गाडी असेल तर आजच तुमच्या चालकांना सीटवर बसवा, पट्टे आवळा, डोळे मिटायला सांगा आणि खटका शोधायला लावा.

जाळीच्या होजबद्दल फार जणांचा गैरसमज असतो. ती जाळी आतल्या दाबाला धरून ठेवते. बाहेरून घासणाऱ्या लोखंडापुढे टिकत नाही. उलट तीच कानशीसारखी वागते. आमच्याच गाडीत तिने शेजारच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात खोल चर पाडलेला नंतर दिसला. म्हणून जिथे चॅसी हलत नाही तिथे स्टीलची कडक नळी घाला, आणि होज फक्त इंजिन व चॅसीच्या मध्ये, जिथे हालचाल आहे तिथे, थोडी ढील देऊन. वीत-दीड वीत अंतरावर रबर लावलेली धातूची क्लिप, तीही बोल्टने. पत्र्यातून नळी जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट. ब्रेकसाठी तांब्याची नळी अजिबात नको. थरथरीने तांबं कडक होतं आणि तडकतं.

पण क्लिपा कितीही चांगल्या असोत, शाफ्ट तुटला तर काय, हा प्रश्न राहतोच. 1960 साली इथेच चालक मिकी थॉम्पसन यांनी एका दिशेने ताशी 406.60 मैलांचा वेग गाठला, पण विक्रमासाठी लागणाऱ्या परतीच्या फेरीत शाफ्ट तुटला आणि विक्रम हातचा गेला. एवढ्या तयारीच्या माणसाचा शाफ्ट तुटू शकतो, तर आपलाही तुटेल असं धरूनच नळ्या टाकाव्यात. आमची पेट्रोलची नळी आता चॅसीच्या जाड रुळाच्या बाहेरच्या अंगाने जाते. शाफ्टभोवती पोलादी कडी आहेत. क्लचजवळ नळी जाड पोलादी पाईपमधून नेली आहे, आणि चाकांच्या रेषेत पत्र्याचं कवच, कारण टायरची साल सुटली की ती चाबकासारखी फटकारते. ब्रेकची नळी दुसऱ्या बाजूला; एकाच तडाख्यात पेट्रोल सांडायला आणि ब्रेक जायला नको. चालकाच्या बाजूने जाणाऱ्या तुकड्यात एकही सांधा नाही.

एक्झॉस्टजवळ आगरोधक बाही चढवतात, तीही हवीच. मात्र तिच्या आत खारं पाणी मुरतं आणि गळती झाकली जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुतली तरी क्लिपच्या रबराखाली मीठ राहतं, आणि तिथे स्टेनलेसही खड्डे पडून सडतं. वर्षातून एकदा प्रत्येक क्लिप उघडून पाहावी लागते. कंटाळवाणं काम आहे, मी ते कुणावर सोपवत नाही.

आता मोजपट्टीवर मी विसंबत नाही. चालकांना बसवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून, संशय येईल तिथे शाडूसारख्या मऊ मातीचा गोळा लावतो आणि शाफ्ट हाताने फिरवतो. मातीवर ओरखडा उठला की नळीची जागा बदलायची. आणि दर फेरीनंतर, रांगेत कितीही घाई असली तरी, मी मिठावर पाठ टेकून गाडीखाली जातो. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात लाकडी पट्टी; लोखंडी पट्टीने नळीलाच चरा जातो. मीठ निघेपर्यंत चालक हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहतात.