भाषा वेगळी, ठेका एक : क्युबाचे ढोल आणि जॅझचा बिग बँड



३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस. त्यानिमित्ताने वर्गात घेता येईल असा एक सोपा पाठ आज देत आहे. यात संगीत आहे, इतिहास आहे आणि थोडं गणितही आहे.

बिग बँड म्हणजे काय?

साधारण १७ वादकांचा ताफा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवायची वाद्यं आणि सोबत पियानो, बास, ड्रम. यात क्युबाची तालवाद्यं मिसळली की लॅटिन जॅझचा बिग बँड तयार होतो. कोंगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल. बोंगो म्हणजे लहान ढोलांची जोडी. टिंबालेस काठ्यांनी वाजवतात. माराकास हे खुळखुळे आणि क्लावे म्हणजे एकमेकांवर आपटायच्या दोन लाकडी दांड्या. गुलाम म्हणून क्युबात आणलेल्या आफ्रिकन लोकांनी आपले ताल जपले, त्यातूनच हे वादन घडलं.

एक खरी गोष्ट

२९ सप्टेंबर १९४७. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांचा बिग बँड आणि त्यात कोंगा वाजवायला हवानाचे चानो पोझो. दोघांची ओळख क्युबाचेच ट्रम्पेटवादक मारिओ बाउसा यांनी करून दिली होती. चानोंना इंग्रजी जेमतेम यायचं, डिझींना स्पॅनिश येत नव्हतं. सुरुवातीला बँडचा ठेका आणि चानोंचा ठेका जुळतच नसे. पण दोघांनी एकमेकांचं ऐकलं. आम्ही दोघेही आफ्रिकन बोलतो, अशा अर्थाचं चानो म्हणत, असं डिझींनी सांगितलं आहे. त्याच डिसेंबरमध्ये त्यांच्या ‘मांतेका’ या रचनेचं ध्वनिमुद्रण झालं. आजही ती जगभर वाजते. दुर्दैवाने डिसेंबर १९४८ मध्ये चानोंचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला. वय अवघं ३३. दोघांची सोबत फार तर सव्वा वर्षाची!

वर्गातील कृती : क्लावेचा ठेका

१ ते १६ अंक फळ्यावर लिहा. १, ४, ७, ११ आणि १३ या अंकांना गोल करा. सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं आणि फक्त गोल केलेल्या अंकांवर टाळी द्यायची. पहिल्या आठात तीन टाळ्या, पुढच्या आठात दोन.

मग विचारा, एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंत किती अंक? ३, ३, ४, २ आणि शेवटच्या टाळीपासून पुन्हा एकपर्यंत ४. बेरीज १६. आपल्या तीनतालाच्या मात्राही १६च! तीनतालात नववी मात्रा खाली असते, इथेही नवव्या अंकावर टाळी नाही. हा योगायोग मुलांना फार आवडतो.

पहिल्या दिवशी गोंधळ होणारच. मुलं रिकाम्या अंकावरही टाळी मारतात. रागावू नका. थांबणं हाही तालाचाच भाग आहे, हे त्यांना इथे हातांनी कळतं.

जमलं की दोन गट करा. एक गट क्लावे वाजवेल, दुसरा बाकावर प्रत्येक चौथ्या अंकाला, म्हणजे १, ५, ९, १३ ला थाप देईल. डब्यात मूठभर तांदूळ घाला, झाला माराकास!

यातून काय शिकायचं?

आपल्या वर्गात एखादं मूल वेगळी बोली घेऊन येतं. ऊसतोड कामगाराचं असेल, नाहीतर परराज्यातून आलेल्या कुटुंबाचं. ते गप्प बसतं आणि आपण पटकन म्हणतो, ‘याला काही येत नाही.’ या कृतीत त्या मुलाला बोलावं लागत नाही, पण त्याची टाळी चुकली तर ठेका अडतो. म्हणजे वर्गाला त्याची गरज असते. त्याला आधी हे कळू द्या, शब्द मागून येतील. चानोंच्या हातात कोंगा द्यायच्या आधी डिझींनी त्यांच्या इंग्रजीची परीक्षा घेतली नव्हती.

पालकांनीही घरी जेवणाच्या टेबलावर किंवा पाटावर हा ठेका करून बघावा. मुलं तुम्हालाच शिकवतील!