महाराष्ट्रातील भूकंप : वर्गातील पाठ व घरची भिंत

भूकंपाचा पाठ शिकविताना जपान व हिमालय यांची उदाहरणे बहुधा दिली जातात. दख्खनचे पठार प्राचीन व स्थिर आहे, असेही आपण सांगतो. तुलनेने हे खरे आहे. परंतु स्थिर भूमीही केव्हातरी हादरते, याची साक्ष महाराष्ट्राचा इतिहासच देतो. म्हणून हा पाठ जवळच्या उदाहरणांनी शिकवावा.

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसर हादरला. रिश्टर मापाने सुमारे ६.३ इतक्या या धक्क्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरण टिकले, परंतु त्यास भेगा पडल्यामुळे पुढे ते बळकट करावे लागले.

दि. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आदी गावे कोसळली. धक्का कोयनेच्या जवळपास तेवढ्याच जोराचा होता. बळी मात्र सुमारे १०,००० गेले. असे का व्हावे? तेथील पुष्कळ घरांच्या जाड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या होत्या. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांचे दगड एकमेकांत गुंतविलेले नव्हते, आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे होते. भिंती फाकताच ते ओझे निजलेल्या माणसांवर आले.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्यापलीकडे, दि. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूरला ५.८ मापाचा भूकंप झाला. तेव्हा नागपूरकरांनी हा विषय केवळ दूरदेशीचा मानू नये.

वरील तिन्ही प्रसंग रात्रीचे किंवा पहाटेचे आहेत. त्या वेळी मूल शाळेत नसते, घरी निजलेले असते. उलट दि. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत सकाळी भूकंप झाला, तेव्हा अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीतील मुले अरुंद गल्लीत सापडली. सारांश, हा पाठ शाळेत व घरी, दोन्हीकडे उपयोगी पडला पाहिजे.

शिक्षकांनी पुढील प्रयोग करून दाखवावा. एका फळीवर लहान दगड व ओली माती यांच्या दोन भिंती उभाराव्यात. एकीत मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीएवढे लांब दगड आडवे घालावेत, दुसरीत घालू नयेत. माती वाळल्यावर फळी हलवावी. कोणती भिंत आधी फाकते, हे मुलांनाच सांगू द्यावे. शेषाने फणा हलविला की धरणी कापते, असे एखादे मूल म्हणाल्यास त्याची थट्टा करू नये. भिंत का पडली, एवढे मात्र त्याला विचारावे.

धक्का बसताच वर्गात बाकाखाली शिरून डोके झाकावे, जिन्याकडे धावू नये, व धक्का थांबल्यावर रांगेने मैदानात जावे, याचा सराव घ्यावा.

स्वाध्याय : आपण रात्री कोठे निजतो? उशाशी कोणती भिंत आहे? डोक्यावरच्या फळीवर जड वस्तू आहेत काय? विद्यार्थ्याने घरी पाहून यावे, आणि जड वस्तू वडीलधाऱ्यांकडून खाली उतरवून घ्याव्यात. त्या खाली उतरल्या, म्हणजे पाठ झाला असे समजावे.