अर्धशिशी घेऊन अपघात विभागात जाताना

मध्यरात्री अर्धे डोके ठणकते, उलट्या थांबत नाहीत, घरातला दिवाही सहन होत नाही. अशा बाईला आपण रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेतो आणि तिथे कुणीतरी म्हणते, "डोकंच तर दुखतंय, सकाळी ओपीडीत या." आम्ही हे ऐकले आहे. पण पाटीवर 'अपघात विभाग' लिहिले असले तरी तातडीचा कोणताही आजार तिथे पाहतात. मागे फिरू नका.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. हे नखरे नाहीत, हा मेंदूचा आजार आहे. उपचार न केल्यास दुखणे ४ ते ७२ तास टिकते. पुरुषांपेक्षा बायकांना तो सुमारे तिपटीने जास्त होतो, आणि कदाचित म्हणूनच त्याला नखरे म्हटले जाते.

केसपेपर काढला की डॉक्टरांना सांगा: दुखणे कधी सुरू झाले, नेहमीसारखेच आहे की वेगळे, आज कोणत्या गोळ्या किती घेतल्या. रिकामी पाकिटे सोबत न्या. गरोदरपण, दमा, अल्सर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर न विचारताही सांगा, इंजेक्शन त्यावरून ठरते.

उलट्या होत असताना गोळी पोटात टिकत नाही, म्हणून औषध शिरेतून देतात. मेटोक्लोप्रमाइड दिले की घरचे कुरकुरतात, "हे तर उलटीचं, दुखण्याचं कुठंय?" ते डोकेदुखीही उतरवते. त्याने जीव घाबराघुबरा झाला, स्वस्थ बसवेना, तर लगेच सिस्टरला सांगा. नुसत्या सलाईनने मायग्रेन जात नाही, तिचा हट्ट धरू नका. नेहमीचेच दुखणे असेल आणि तपासणी ठीक असेल तर सीटी स्कॅनही लागत नाही. त्यासाठी कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना कारण विचारा.

मात्र क्षणात उठलेले, आयुष्यात कधी झाले नाही असे दुखणे, तापासोबत ताठलेली मान, वाकडे तोंड, लुळा हात, बोबडे बोलणे, फिट, डोक्याला मार, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, गरोदर किंवा बाळंतिणीचे जोराचे डोके दुखणे: यात वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

मेडिकलमधली गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असे तीन महिने चालले, तर गोळीच डोके दुखवू लागते. महिन्यातून चार-पाचदा त्रास होत असेल तर झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची औषधे असतात. दवाखान्यातून सोडताना त्यांची चौकशी करा आणि ओपीडीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.