परदेशी पिन आणि आपला बोर्ड



परदेशातून आलेल्या भेटवस्तू हिवरखेडच्या कोठीत उतरवून घेणे आणि तपासून सातपुड्यातील कोरकू वस्त्यांकडे पाठवणे हे काम माझ्याकडे आहे. नेब्युलायझर, शिवणयंत्रे, इस्त्र्या, लॅपटॉप अशा वस्तू येतात. त्या प्रेमाने पाठवलेल्या असतात, पण पुष्कळदा त्यांची पिन आपल्या बोर्डात बसत नाही. मग कोणी वरच्या भोकात काडी घालून पिन दाबतो, तर कोणी वायर सोलून तारा थेट भोकांत खोचतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून या वेळचा धडा याच विषयावर आहे.

१. आधी व्होल्ट पाहा, मग पिन

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. इंग्लंड-जर्मनीतही तीच. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि जपानात १०० व्होल्ट. वस्तूच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिच्यावर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' असे असेल, तर ती आपल्या विजेवर चालेल. मोबाइल व लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असेच असतात.

पट्टीवर फक्त १२० असेल, तर थांबा. बाजारात मिळणारा अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. व्होल्ट दुप्पट झाले की उष्णता जवळजवळ चौपट होते. १२० व्होल्टची १००० वॉटची इस्त्री आपल्या बोर्डात लावली, तर ती साडेतीन हजार वॉटहून जास्त ओढू पाहील आणि जळेल. अशा वस्तूला व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची वॉटची ताकद वस्तूपेक्षा जास्त हवी. तरीही हर्ट्झ बदलत नाहीत, म्हणून काही मोटारी हळू चालतात व तापतात.

२. 'चालते' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे

आपली तीन गोल पिनांची पद्धत इंग्रजांकडून आली. १९४७ पासून इंग्लंडने चपट्या पिनांचा नवा नमुना घेतला, आपण मात्र गोल पिनांवरच राहिलो. आपल्या टॉपची वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची पिन होय. टॉप लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. काही बोर्डांत आतले झाकणही तीच उघडते. काडीने ते झाकण उघडणे म्हणजे पहारेकऱ्याला बाजूला सारून आत शिरणे.

युरोपची बारीक दोन पिनांची टॉप ४ मिलिमीटरची असते आणि आपले भोक सुमारे ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी असते. ती सैल बसते, ठिणग्या उडतात, बोर्ड तापतो. जर्मन पद्धतीची जाड टॉप ४.८ मिलिमीटरची असल्याने आत जाते आणि वस्तू चालूही होते. पण तिचे अर्थिंग टॉपच्या बाजूच्या पट्ट्यांत असते, आपले वरच्या भोकात. दोघांची भेटच होत नाही. उद्या आतली तार सुटून लोखंडी अंगाला लागली, तर सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या बाईला शॉक बसेल.

इंग्लंडच्या टॉपमध्ये फ्यूज असतो. ती कापून टाकली की फ्यूजही जातो, म्हणून फ्यूज असलेलाच अडॅप्टर घ्यावा किंवा वायरमनला विचारून दुसरे संरक्षण बसवावे.

३. वायर कशी बदलावी

वायर यंत्रातून सुटी होत असेल, तर कापाकापी नकोच. त्याच मापाची आपल्याकडची आयएसआय वायर विकत घ्या. सुटी होत नसेल, तर जाणत्या वायरमनकडून आयएसआय थ्री पिन टॉप बसवून घ्या.

रंगांची फसगत लक्षात ठेवा. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. युरोपच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. अमेरिकन वायरीत मात्र काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. म्हणजे आपली 'थंड' काळी तिकडे 'गरम' असते. अंदाजाने जोडू नये.

वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तिला अर्थिंग लागत नाही. तिथे दोन तारा पुरतात.

४. भिंतीमागचे अर्थिंग

बोर्डाला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे नाही. पुष्कळ घरांत त्या भोकामागे तारच नसते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगा पडतात आणि अर्थिंग कमजोर होते. वायरमनकडून ते तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालत जा. शक्य तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. मोठा हीटर किंवा इस्त्री ६ अँपिअरच्या लहान बोर्डात लावू नका, १६ अँपिअरचा मोठा बोर्ड वापरा.

कोणाला शॉक बसून तो चिकटला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला दूर सारा आणि १०८ ला फोन करा.

अनुवाद २२:८ मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधायला सांगितले आहे, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याचा दोष घरावर येणार नाही. आपल्या वऱ्हाडात धाब्याची घरे सर्वांनी पाहिली आहेत. अर्थिंगची ती एक तार हा आजच्या घराचा कठडाच आहे.

म्हणून देणाऱ्यांना एक विनंती. तुमचे नातलग परदेशातून वस्तू पाठवत असतील, तर बांधण्याआधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. २३० किंवा १००–२४० दिसले, तर अवश्य पाठवा. फक्त १२० दिसले, तर आधी आम्हाला विचारा.