आवाज चढला की तो अंगावर येतो

प्रश्न : भाचा १५ वर्षांचा. मोटारसायकल चोरीत सापडला, सध्या जामिनावर आहे. वडील दारू पिऊन मारायचे. आता कुणी आवाज चढवला तरी अंगावर धावतो. हा गुन्हेगारच होणार का?
– एक मामा, साकोली

उत्तर : मामा, तसं ठरलेलं नसतं. मार खाल्लेल्या पोराला साध्या रागावण्यातही धोका दिसतो. हात आधी उठतो, विचार मागून येतो. त्यासाठी समुपदेशन हवं. पण सुटलेली शाळा, रात्रीचं टोळकं, नशा ही चोरीकडे ओढणारी कारणं नुसत्या समुपदेशनाने जात नाहीत. ती वेगळी हाताळा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकारी १५ दिवसांत बाल न्याय मंडळाला सामाजिक चौकशी अहवाल देतो. त्या चौकशीत इभ्रतीपायी लोक घरातली मारहाणच नेमकी झाकतात. तुम्ही ती त्या अधिकाऱ्याला सांगा.