बांधावरचा रस्ता आणि तहसीलदारांचा आदेश

प्रश्न : शेजाऱ्याच्या अर्जावरून तहसीलदारांनी आमच्या बांधावरून नवा रस्ता मंजूर केला. कोर्टात जाता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी आदेशाचा मथळा वाचा. त्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे की मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5? दुसरे असेल, तर वाद जुना रस्ता अडवल्याचा. तिथे अपील नाही, पुनरीक्षण अर्ज करावा लागतो.

नवा रस्ता म्हणजे बहुधा कलम 143. इथे दोन वाटा आहेत: आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, किंवा निर्णयापासून एक वर्षात दिवाणी दावा. दावा दाखल झाला की त्या निर्णयावर अपील वा पुनरीक्षण चालत नाही, म्हणून निवड विचारपूर्वक करा. प्रमाणित नक्कल आजच मागा. तिला लागणारा वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो.

नुसते अपील दाखल केल्याने रस्ता थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबतच हवा. दाव्यात तात्पुरता मनाई हुकूम मागावा. अनेक जण इथेच गाफील राहतात आणि तारीख लागेपर्यंत जेसीबी फिरून जातो.

मुद्दे कोणते? अर्जदाराला दुसरा वापरता रस्ता आहे का, स्थळपाहणीची नोटीस तुम्हाला मिळाली होती का, पंचनाम्यात तुमचे म्हणणे आले का, रस्ता हद्दीवरूनच दिला आहे की शेत चिरून. थेट उच्च न्यायालयात धावू नका. खाली उपाय शिल्लक असताना रिट याचिका सहसा ऐकली जात नाही.